पोळ्याच्या दिवशी मी मामाला सोडवलं

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा, मग सांगतो. तसा हा किस्सा मी कुणाला सांगत नाही. पण मघाशी तुम्ही म्हणालात ना, "वकिलाला बरं असतं, त्याला कोण पकडणार?" म्हणून सांगावा लागतोय. मला पकडलं होतं. साधंसुधं नाही, कायद्याची सगळी कलमं पाळून पकडलं होतं. आणि तो कायदा फौजदाराला मीच म्हणून दाखवला होता!

भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली असतील. लातुरात तेव्हा क्लासचा नुसता पूर आलेला. जिथं पिठाची गिरणी होती तिथं फिजिक्स, जिथं म्हशी बांधायचे तिथं पत्रे टाकून केमिस्ट्री. पद्धत एकच. पेपर सोडवायचा, चुका काढायच्या, पुन्हा तोच पेपर सोडवायचा. प्रश्न निम्मा वाचून होईपर्यंत हातानं उत्तर लिहायला लागलं पाहिजे.

मी वकिलीसुद्धा अशीच पास झालो, राव! "अटकेच्या वेळी आरोपीचे हक्क कोणते?" हा प्रश्न तर हमखास यायचा. वरच्या कोर्टानं अटकेचे नवे नियम नुकतेच घालून दिले होते, त्यामुळं त्याला भाव जास्त. मला सगळं क्रमानं पाठ. अटकेचं कारण सांगा. नातेवाइकाला कळवा. अटकेचा कागद करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या. वकिलाला भेटू द्या. डॉक्टरकडून तपासून घ्या. चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभं करा. अडचण एवढीच होती की मी अजून जिवंत आरोपी जवळून पाहिला नव्हता. ज्या वकीलसाहेबांच्या हाताखाली होतो ते मला तारीख मागण्यापलीकडं काही करू द्यायचे नाहीत.

आणि अशात पोळा आला.

माझ्या मामाचं गाव देवणीकडचं. नेमकं कुठलं ते विचारू नका, तिथं मला अजून ओळखतात. गावच्या वेशीतून पोळ्याला सगळ्यात आधी दोन मानाचे बैल जोडीनं जायचे. एक माझ्या मामाचा, म्हणजे पाटलांचा, आणि एक तात्यांचा. तात्या म्हणजे मामाचा शेजारी. बांधाला बांध, दोघं एकाच विहिरीत पोहायला शिकलेले, तंबाखूची चंची एक. पण भूकंपात वेशीचा एक खांब खचला. वेस पाडायला गाव तयार होईना, म्हणून आतून लाकडाचे टेकू दिले. झालं काय, वाट एवढी अरुंद झाली की त्यातून एका वेळी एकच बैल जाईल.

मग आता पहिला कुणाचा?

भूकंपानंतरच्या पहिल्याच पोळ्याला लाठ्या निघाल्या. मामाच्या भावकीतल्या एकाचं डोकं फुटलं, तात्यांच्या पुतण्याचा खांदा सुजला. दोन्हीकडं तीनशे तेवीस, पाचशे चार आणि पाचशे सहा लागलं. म्हणजे मारहाण, शिवीगाळ आणि धमकी. पुरणपोळीबरोबर गुळवणी यावी तशी आमच्याकडं भांडणाबरोबर ही तीन कलमं येतातच. ते सगळं मला ठाऊक होतं. पण पुढची काही वर्षं अभ्यासाच्या नादात मी पोळ्याला गेलोच नव्हतो. त्यामुळं नंतर गावानं काय तोड काढली, ती मला ठाऊक नव्हती. इथंच घोटाळा झाला.

आई आदल्या दिवशीच माहेरी गेली होती. मी सकाळच्या एसटीनं निघालो. फाट्यावर उतरून गावात शिरलो तर वेशीजवळचा पानवाला म्हणाला, "वकीलसाब, मामाला तर मघाशीच नेलं की ठाण्यात."

"काय?" माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"हाव. फौजदाराची जीप आलती. तात्यालाबी नेलं. आता दरसाल..."

पुढचं ऐकायला मी थांबलो असतो, तर आज हा किस्सा नसता. पण थांबतो कशाला? प्रश्न निम्मा वाचून झाला होता, उत्तर तयार होतं! पिशवीत नवा काळा कोट होता. तो मी कुठंही घालायला निमित्तच शोधायचो. ठाणं बाजाराच्या गावी, तिकडं जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये बसल्या-बसल्याच कोट चढवला. शेजारच्या म्हातारीला वाटलं मला थंडी वाजून आलीय. तिनं सुंठ खायला सांगितली.

ठाण्याच्या व्हरांड्यात पाय ठेवला आणि बघतो तर काय! माझा मामा, गावात ज्याच्या फेट्याला लोक वाट देतात तो मामा, नुसत्या बनियनवर बाकावर आडवा पडलेला. डोळे मिटलेले. शेजारच्या बाकावर तात्या, तोंडावर उपरणं. आणि दोघांच्या मधोमध शेख जमादार हातात काठी घेऊन उभे!

"मामा!" मी ओरडलो. "कपडे कुणी काढले तुमचे?"

मामानं एक डोळा उघडला. "कोण, सुधाकर? म्याच काढले. उकडायलंय किती! तू कशाला आलास इकडं? घरी जा, तुझी आई वाट बघायलीय."

बघा! केवढी दहशत! माणूस खरं बोलायला धजत नव्हता. खरं तर शेख जमादार त्या काठीनं कुत्रं हाकलत होते. डब्याच्या वासानं ते पुनःपुन्हा व्हरांड्यात येत होतं. पण मला काठी तेवढी दिसली, कुत्रं दिसलं नाही. डबेही दिसले नाहीत. दोन कोपऱ्यांत दोन भलेमोठे डबे होते, तरी दिसले नाहीत.

आवाज ऐकून फौजदारसाहेब पेरू खात बाहेर आले. गोल चेहऱ्याचा, बरा माणूस होता. म्हणाले, "काय वकीलसाहेब? बसा. चहा सांगू?"

"चहा नको! माझ्या अशिलाला अटक केलीय का?"

"अटक? छे! अटक कशाला?"

"मग सोडलंय का?"

"सोडलं बी न्हाई. बसवून ठेवलंय." एवढं बोलून त्यांनी मला डोळा घातला.

पोलिसानं डोळा घातला म्हणजे काय समजायचं? मी समजलो, हा काहीतरी मांडवली करायला बघतोय. माझा पारा चढला. "बसवून ठेवलंय? हे कुठल्या कलमात आहे? अटक करा, नाहीतर सोडा! कायद्यात तिसरं काही नाही!"

"अहो, हे दरसालचं हाय," फौजदार हळूच म्हणाले.

"दरसाल? म्हणजे दरसाल तुम्ही बेकायदा डांबून ठेवता?"

मामा उठून बसला आणि मागून माझा कोट ओढायला लागला. "सुधाकर, बास कर लेका."

"मामा, घाबरू नका. मी आहे!"

माझ्या बोलण्याला आता रंग चढला होता. दिवस सणाचा, ठाण्यासमोरच बाजार. झुली, गोंडे, शिंगांचा रंग घ्यायला आलेली माणसं गोळा व्हायला लागली. गर्दी बघून मला आणखीच चेव आला. अटकेचं कारण सांगा, नातेवाइकाला कळवा, डॉक्टरकडून तपासून घ्या, सगळं क्रमानं म्हणून दाखवलं. एकदा नाही, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी दोघाचौघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. काय सांगू, तेव्हा छाती अशी फुगली होती की कोटाची वरची गुंडी लागेना!

फौजदारांनी पेरू खाली ठेवला. बाहेरच्या गर्दीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग कडक आवाजात म्हणाले, "वकीलसाहेबांचं बरोबर हाय. अटक न्हाई, कागद न्हाई, तर बसवून ठेवता येत न्हाई. पाटील, तात्या, दोघंबी मोकळे. निघा!"

गर्दीनं जयजयकार केला. एक जण तर फटफटीवर बसून बातमी द्यायला गावाकडं सुटलासुद्धा.

आणि मामाचं तोंड? अहो, फाशी ऐकल्यासारखं! तात्यांचं त्याहून वाईट. दोघांनी आपापला डबा उचलला आणि जड पायांनी समोरच्या लिंबाखाली जाऊन बसले. गावाकडं जाणारी जीप भरून निघाली, तरी उठेनात.

"मामा, चला की!" मी म्हणालो. "मिरवणुकीच्या आत पोचू. कासरा तुमच्याच हातात पाहिजे ना?"

"सुधाकर," मामा शांतपणे म्हणाला, "तुला कुणी बोलावलं व्हतं का रे?"

मग तात्यांनी सांगितलं. त्या पहिल्या मारामारीनंतर दोघांनाही पश्चात्ताप झाला होता. पण मान सोडायचा कुणी? मामानं सोडला तर मामाची भावकी ऐकत नाही, तात्यांनी सोडला तर त्यांची. म्हणून गावानं फौजदाराला गाठून युक्ती काढली. पोळ्याच्या दिवशी दोघांना सकाळीच उचलायचं आणि संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवायचं. मालकच नाही म्हटल्यावर भावकी कुणासाठी लाठ्या काढणार? दोघांचे बैल घरच्या बायका घेऊन जायच्या. पहिला कुणाचा गेला ते या दोघांना कुणी सांगायचं नाही, आणि यांनीही विचारायचं नाही.

"दोघंबी गावात मिशीवर ताव देऊन सांगतो," तात्या म्हणाले, "पोलिसानं धरलं न्हाईतर दावलं असतं! इज्जत ऱ्हाती, डोस्कीबी ऱ्हात्यात. आन दिसभर गप्पा हुत्यात, त्या येगळ्याच."

"मग मला सांगायचं ना!"

"कोट वढून वढून सांगितलं की!" मामा कडाडला. "आता तिकडं बातमी गेली. आता दोन्हीकडची पोरं तेल लावलेल्या काठ्या काढून वाट बघत बसली असतील. आमी दोघं येशीत समोरासमोर आल्यावर मागं कसं सरायचं? ह्याच्या गुडघ्याचं दुखणं बघ, माझं बीपी बघ. ह्या वयात म्या तात्यावर काठी उगारू का?"

 मी लहानपणापासून या माणसाच्या खांद्यावर बसून पोळा पाहिलेला. आज मी त्याला सोडवून मारामारीत ढकलत होतो. खरंच सांगतो, रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मी धावत आत गेलो. "साहेब, चूक झाली. दोघांना परत आत घ्या!"

फौजदारांनी दुसरा पेरू कापायला घेतला होता. "कोणत्या कलमाखाली?"

"अहो, असंच. बसवून ठेवा."

"असंच? बेकायदा डांबू? तिसरं काही कायद्यात न्हाई म्हणालात न्हवं आत्ताच? अख्ख्या बाजारानं ऐकलंय. उद्या माझ्यावर कारवाई झाली म्हंजी?"

"मग एकशे एक्कावन्न लावा. शांतता बिघडवण्याच्या बेतात असलेल्या माणसाला आधीच धरता येतं!"

"येतं की. पर बेत दिसाया पाहिजे." त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. लिंबाखाली मामा तात्यांच्या तळहातावर चुना घालत होता. "ह्या दोघांनी शांतता कशी बिघडवली म्हणू?"

मला युक्ती सुचली. आता या युक्तीवर हसणार नसाल तरच पुढचं सांगतो. बरं, हसा!

मी बाहेर आलो आणि दोघांना म्हणालो, "भांडा."

"काय?"

"इथंच, ठाण्यासमोर भांडा. मग ते तुम्हाला कायद्यानं आत घेतील."

दोघं नाइलाजानं उभे राहिले. मामानं घसा खाकरला. "तात्या, तू... तू लई वाईट माणूस हायस."

"हाव," तात्या म्हणाले. "आन तूबी."

"असं नाही, मामा!" मी कपाळावर हात मारला. "गचांडी धरा! तात्या, चप्पल काढा!"

तात्या चप्पल काढायला वाकले, तर गुडघ्यातून कळ आली. मामानं झटकन त्यांना धरलं. "हळू गड्या, हळू. बस जरा." झालं! शांतता बिघडायची सोडून आणखी वाढली.

आणि तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली. मामाची भावकी त्याला न्यायला निघाली होती!  कोटाच्या बाह्या वर करून मी त्या दोघांच्या भोवती गरगर फिरायला लागलो. "जोरात! तात्या, आई-माईवरून जाऊ द्या, पाचशे चार बसलं पाहिजे! मामा, जिवे मारीन म्हणा, म्हणजे पाचशे सहा! अहो, मारा की! उचला दगड!"

खांद्यावर हात पडला. मागं फौजदारसाहेब.

"हे कोण चिथावणी देतंय?" ते मोठ्यानं म्हणाले, बाजाराला ऐकू जाईल असं. "दोन म्हाताऱ्या माणसांना मारामारीला लावून शांतता बिघडवायलाय! जमादार, घ्या ह्यांना. एकशे एक्कावन्न!"

"साहेब, मला?"

"अटकेचं कारण सांगितलं. तुमचा हक्क हाय तो." आणि त्यांनी परत डोळा घातला. या खेपेला मला कळलं, पण फार उशिरा.

मला आत नेलं. खुर्चीवर बसवलं. फौजदार एकदम अदबीनं बोलायला लागले. "आता नातेवाइकाला कळवायचा हक्क. कुणाला कळवू?"

मी मान खाली घालून म्हणालो, "मामांना."

शेख जमादार वळले. मामा हातभर अंतरावर उभा होता. "पाटीलसाब, आपके भांजे को अटक हुई है."

"आरारारा!" मामा म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा खुलला म्हणता, जसा काही मला मुलगा झाला! तो झपकन बाकावर बसला. "आता भाच्याला टाकून कसं जायचं? म्या हितंच बसणार."

"कागदावर साक्षीदार लागतो," फौजदार म्हणाले.

"म्या हाय की!" तात्यांनी दुसरं बाक धरलं. "सुटका हुईस्तोवर साक्षीदारानं थांबाया पाहिजे न्हवं?"

हलगीवाले दारात आले, तर मामा बाहेर जाऊन गरजला, "जावा माघारी! माझ्या भाच्याला धरलंय, मी पोळा कसला करू? तात्याबी त्याच्यासाठीच थांबलाय. बैल बायका नेतील!" भाचा अडकला म्हटल्यावर भावकी काय बोलणार? उलट माझ्याकडं बघून दोघातिघांनी हळहळ केली आणि हलगी बगलेत मारून सगळे गेले. लाठ्यांचं संकट टळलं. माझं सुरू झालं.

कारण फौजदारांनी एकही हक्क सोडला नाही! "वकील पाहिजे?" म्हणाले.

"मी स्वतःच वकील आहे."

"ते बघितलं सकाळी. चांगला पाहिजे असंल तर सांगा."

मग डॉक्टर. मी हात जोडले, म्हणालो राहू द्या. तर म्हणे, वरच्या कोर्टाचा नियम, आम्ही कसा मोडायचा? मला उघड्या जीपमध्ये बसवून भर बाजारातून दवाखान्यात नेलं. दोन्ही बाजूंनी बाशिंग बांधलेले बैल, झुली, गोंडे, आणि मधून काळ्या कोटात मी. एका बाईनं सवयीनं बैलांना ओवाळायचं ताट उचललं, मला बघून परत खाली ठेवलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, छाती बघितली आणि अंगावर कुठंही जखम नाही असं लिहून दिलं.

परत आलो तर आईचा फोन. गावातल्या किराणा दुकानातून बोलत होती. म्हणजे अख्खं दुकान ऐकत होतं.

"सुधाकर, तुला धरलं म्हणं? केलंस तरी काय रे?"

"आई, मी मामाला सोडवायला आलो होतो."

"मेल्या, त्याला डबा देऊन पाठवलं की मी सकाळी! सोडवायचं कशाला?" मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या वाटणीचं पुरण हाय का त्यात?"

होतं. डबे उघडले आणि सगळं ठाणं जेवायला बसलं. मामा, तात्या, फौजदार, जमादार आणि कुत्रंसुद्धा. मामानं स्वतःच्या हातानं माझ्या पोळीवर तूप ओतलं. मग दुपारभर दोघं बाकांवर आडवे होऊन विहिरीत पोहायला शिकल्याच्या गप्पा मारत पडले. वर्षातला हा एक दिवस त्यांना कुणाचाही मान राखायचा नसायचा. तो मी बुडवायला निघालो होतो, हे आठवलं की मला घास गिळेना. तरी पोळ्या बऱ्याच खाल्ल्या, ते सोडा.

दिवस कलला. गावाकडून निरोप आला, बैल वेशीतून गेले, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. निरोप्या पुढं काही बोलणार, तोच मामा आणि तात्या दोघांनीही कानांवर हात ठेवले.

फौजदारांनी माझी सुटका केली. हमी कुणाची? मामाची आणि तात्यांची. दोघांनी एकाच पेनानं सह्या ठोकल्या.

निघताना मामा फौजदारांना म्हणाला, "साहेब, एक इचारू? कायद्यात आरोपीला गप बसायचा हक्क न्हाई का दिलेला?"

"हाय की! मोठा हक्क हाय त्यो."

"मग आमच्या वकिलानं सकाळधरनं सगळे हक्क वापरले," तात्या म्हणाले, "त्यो एकच कसा काय ऱ्हायला?"

सगळं ठाणं माझ्याकडं बघायला लागलं. आता शहाण्या माणसानं इथं काय करावं? खाली बघून हसावं आणि जीपमध्ये जाऊन बसावं. होय ना?

मी कोटाची गुंडी लावली, ताठ उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "गप्प बसायचा हक्क! घटनेचा अनुच्छेद वीस, खंड तीन!"